हळद वर, कुंकू खाली

आमच्या अप्पांना लोकांची भांडणं सोडवायची भारी हौस. इतिहासाचे मास्तर. निवृत्त झाले तरी शिकवणं सुटेना, म्हणून दर रविवारी सकाळी पेठेतल्या वाचनालयाच्या कट्ट्यावर चर्चा भरवायचे. विषय बहुतेक जुन्या निशाणांचे निघत. कोल्हापूरच्या माणसाला मटणाखालोखाल काही आवडत असेल तर तो इतिहास, आणि दोन्हींत त्याला तिखट जरा जास्तच लागतं. पन्हाळ्याच्या कुठल्या बुरुजावर कुणाचं निशाण होतं, एवढ्यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झालेले मी पाहिलेत.

एकदा जवळच्या एका जुन्या जहागिरीचं निशाण शाळेच्या समारंभात लावायचं की नाही यावरून रण माजलं. एक बाजू म्हणे, ते आमच्या मालकांचं, त्याला मान हवाच. दुसरी म्हणे, त्याच निशाणाखाली आमच्या आज्यानं वेठ भरली, ते वर चढलं तर आम्ही खाली ओढू. अप्पांनी दोघांनाही बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, "निशाण म्हंजे कापड. त्यात अर्थ आपण भरतोय. कुणी काय भरलंय ते आधी ऐकून घ्या, मग काय वरडायचं ते वरडा." तासाभरात माणसं निवली. निशाण भिंतीवर चढलं नाही, काचेच्या कपाटात बसलं, आणि खाली दोन्ही बाजूंचं म्हणणं लिहून ठेवलं. त्या दिवशी अप्पा नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त जेवले. भावनेला बसायला पाट द्यावा, पण वाढायला पळी देऊ नये, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही बहिणी ते त्यांच्याआधीच म्हणून दाखवायचो.

तरुणपणी ते बेळगाव मराठी मुलखात यावं म्हणून सत्याग्रहाला गेले होते. तिथं लाठी बसून डावं मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. आभाळ भरून आलं की दुखायचं. आई तेल लावताना म्हणायची, "अजून राग हाय तुमचा." अप्पा म्हणायचे, "मनगट दुखतंय, मत न्हाय." आईला ते कधी पटलं नाही. मला मात्र पटलं होतं, आणि सगळ्या पेठेलाही.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, चंदगडच्याही पलीकडं दिली होती. चंदगड आमच्या जिल्ह्यात आलं आणि अक्काच्या सासरचं गाव ओढ्यापलीकडं म्हणून दुसऱ्या राज्यात राहिलं. उन्हाळ्यात त्या ओढ्यात पाऊलभर पाणी नसायचं, कोंबड्यासुद्धा हद्द ओलांडून दाणे टिपायला यायच्या. व्याही पक्के मराठी. गावची मराठी शाळा टिकावी म्हणून तिकडच्या पोलिसांच्या लाठ्या खाल्लेले. अक्काच्या सासूबाई मात्र कन्नड घरातल्या. मराठी चांगलं बोलायच्या, पण राग, लाड आणि देव यांच्यासाठी कन्नड ठेवलेलं. अप्पांनी हे लग्न मोठ्या तोऱ्यात ठरवलं. "हद्द नकाशात असती, पंक्तीत न्हाय," असं ते व्याह्यांना म्हणाले आणि दोघं खूप हसले.

आणीबाणी संपून काही वर्षं झाली होती तेव्हा अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बारशाला सासरची माणसं आदल्या दिवशीच एसटीनं उतरली. सासूबाईंनी पिशवीतून बाळाची वाकळ काढली. वाकळ म्हणजे आमच्याकडची गोधडी, पण ही एवढीशी, पाळण्यापुरती. वरचा अर्धा भाग अक्काच्या हळदीच्या पिवळ्या साडीचा, खालचा अर्धा गावच्या देवीच्या ओटीतून प्रसाद म्हणून मिळालेल्या कोऱ्या तांबड्या लुगड्याचा. टाके इतके बारीक की आईनं दोनदा चष्मा पुसला. मी बोलून गेले, "मावशी, ह्यात बाळ निजायच्या आधी मीच निजेन." सासूबाई लाजल्या. "अरिशिण-कुंकू हाय बाई ते," म्हणाल्या. "हळद सुनेची, कुंकू देवीचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला ती वाकळ उन्हात घालायला सांगितली. नवं हांथरूण ऊन दाखवल्याशिवाय बाळाखाली घालत नाहीत. "हळद वर, कुंकू खाली येऊ दे," त्यांनी बजावलं. मी रस्त्याकडच्या गॅलरीच्या कठड्यावर तशीच नीट पसरली आणि हरभऱ्याच्या घुगऱ्या करायला आत गेले.

त्या आठवड्यात सीमेवरचं वातावरण पुन्हा तापलं होतं. बेळगावकडून मारहाणीच्या बातम्या येत होत्या. अप्पा सकाळीच कट्ट्यावर गेले होते, तापलेल्या लोकांना थंड करायला. तिथं त्यांनी नेहमीचं सगळं सांगितलं असणार: कापड, अर्थ, पाट आणि पळी. मग घरी यायला निघाले. आमच्या बोळाच्या तोंडाशी आले की गॅलरी समोर दिसते.

ज्यांनी तिकडचं, कन्नडवाल्यांचं निशाण पाहिलंय त्यांना सांगायला नको. वर पिवळा, खाली तांबडा.

अप्पांना पळताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. जिन्यावर पावलं वाजली म्हणून मी बाहेर आले, तर ते त्या वाकड्या हातानं वाकळ ओढत होते. कठड्याच्या खिळ्याला अडकून ती टरकन फाटली. त्यांनी ती खाली भिरकावली. ती गटारीत पडली.

"माझ्या घरावर ह्यांचा बावटा?" ते ओरडले. "माझ्या घरावर?"

दारात सासूबाई उभ्या होत्या. हातात बाळाला लावायच्या हळदीकुंकवाचा करंडा. "बावटा?" त्या म्हणाल्या. कन्नडातही शब्द तोच आहे, बावुटा. त्यामुळं त्यांना सगळं समजलं आणि काहीच समजलं नाही. "कसला बावटा? बाळाचं हांथरूण हाय ते." मग त्यांनी खाली गटारीत बघितलं. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. हळदकुंकू पायदळी गेलं की बाईच्या मनात एकच भीती येते, नवऱ्याच्या आणि लेकाच्या जिवाची. त्या कन्नडात देवीचं नाव घेत मटकन खाली बसल्या.

व्याही बाहेर आले. त्यांना एका नजरेत कळलं. हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, आम्ही त्या रंगाखाली ऱ्हाऊन मराठी बोलतोय. लाठ्या खातोय. तुम्ही इतक्या लांब ऱ्हाऊन कापडाला भ्याला व्हय?"

अप्पा कठड्याचा तो खिळा चाचपत राहिले. माझा इतका संताप झाला होता की मला वाटलं, आता बोला की, सोडवा की हे भांडण. घुगऱ्या, पोळ्या, सगळं तसंच राहिलं. सासरची माणसं पाणीही न पिता निघाली. नाव ठेवायचा मान बाळाच्या आत्याचा. ती बिचारी रडत रडत आईबापामागं जिना उतरली, आणि आमच्या बाळाचं नाव ठेवायचं राहून गेलं. अक्काचे मालक, आमचे दाजी, तेवढे पाळण्यापाशी घुटमळले. "अक्काला कधी न्यायला येणार?" मी विचारलं. आई उतरून गेली त्या जिन्याकडं बघत ते म्हणाले, "आव्वा म्हणंल तवा." मग तेही गेले.

अक्का पलंगावर बसून सगळं ऐकत होती. अप्पा आत आले तेव्हा एवढंच म्हणाली, "अप्पा, मला सांगिटलं असतं तर मीच काढली असती की."

वाकळ आईनं गटारीतून उचलून मागच्या दारी धुण्याच्या दगडाशी ठेवली. चिखलासकट ती तिथंच वाळली. कुणी तिला हात लावेना. पुढच्या रविवारी अप्पा कट्ट्यावर गेले नाहीत. माणसं बोलवायला आली तर पाठ दुखतेय म्हणाले.

महिना गेला, न्यायला कुणी आलं नाही. बाळंतिणीला सासरहून बोलावणं आलं नाही की पेठेत काय बोलतात हे मी सांगायला नको. माझी शाळेची सुट्टी लागली तशी मी चंदगडची गाडी पकडली. हद्दीपार गाड्या बंद होत्या, म्हणून शेवटच्या गावात उतरून ओढा चालत ओलांडला. सासूबाईंनी मला घरात घेतलं, पाणी दिलं, जेवायलाही वाढलं. त्यांचा राग माझ्यावर नव्हता. मी हात जोडले, रडले, अप्पांच्या मनगटाची गोष्ट सांगितली. त्या शांतपणे ऐकत होत्या.

"तुझ्या बापाला मार बसला, खरं हाय," त्या म्हणाल्या. "पण माझ्या देवीनं न्हाय मारलं त्यास्नी." मग त्यांनी अट सांगितली. तीच वाकळ अप्पांनी स्वतः आणायची, कपाळाला लावायची आणि आपल्या हातानं बाळाखाली घालायची. मग नावही ठेवू, सूनही घरात घेऊ, मागचं काही काढायचं नाही. अट अगदी सोपी होती. मी परतीच्या गाडीत आनंदानं रडले.

अप्पांनी अट ऐकली आणि म्हणाले, "बाळाखाली घालीन. माफी मागीन. कपाळाला लावणार न्हाय."

"का?"

"त्या रंगाला मी डोकं टेकणार न्हाय."

"अप्पा, तो रंग नाही, ती वाकळ आहे! अक्काची साडी आहे!"

"मला ठाऊक हाय गं. माझ्या डोक्याला तवाबी ठाऊक होतं. हाताला ठाऊक नव्हतं." त्यांनी मनगट धरलं होतं. "आणि कपाळबी हाताच्याच बाजूचं हाय, डोक्याच्या न्हाय."

मी त्यांचंच वाक्य त्यांच्या अंगावर फेकलं. कुणी काय भरलंय ते आधी ऐकून घ्या, हे कोण म्हणत होतं? ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "ते दुसऱ्यांच्या निशाणांचं झालं." एरवी मी हसले असते. तेव्हा मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं. रोज मी तेच मुद्दे मांडायची, रोज ते सगळे मान्य करायचे, आणि शेवटी न्हाय म्हणायचे. बुद्धीनं हरलेल्या माणसाला समजवायचं तरी कशानं?

इकडं अक्काचं जेवण तुटलं. बोलणं कमी झालं. दूध आटलं. बाळाला आम्ही वाटी-चमच्यानं गाईचं दूध पाजायला लागलो. एका दुपारी ते रडायचं थांबेना. अक्का भिंतीकडं तोंड करून पडलेली. अप्पांनी बाळाला उचललं, त्या वाकड्या हातावर घेतलं आणि खोलीभर फेऱ्या मारायला लागले. काहीतरी म्हणून तिला हाक मारायला तोंड उघडलं, तर हाक मारायला नावच नव्हतं. ते तसेच उभे राहिले. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन आईला म्हणाले, "ती वाकळ धुवा. उद्या निघू. कपाळाला लावतो."

आईला एवढा आनंद झाला की तिचे हातपाय एका जागी राहिनात. चुलीवर बाळाची दुपटी उकळत होती, सोडा घालून. तिनं त्याच पातेल्यात वाकळ सोडली. कोरं तांबडं कापड पहिल्यांदा मिठाच्या गार पाण्यात घालायचं, हे आमच्या पेठेतल्या शाळकरी पोरीलाही ठाऊक. आईनं जन्मभर तसंच केलं होतं. त्या एका दिवशी घाईनं घात केला.

काठीनं वर उचलली तेव्हा तांबडं विटून पिवळ्यात पार उतरलं होतं. वर आणि खाली असं काही उरलंच नव्हतं. सबंध वाकळ एकाच रंगाची झाली होती. भगवी.

आई कपाळावर हात मारून बसली. आणि अप्पा, देवा, अप्पा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. "अगं, भांडणच मिटलं की!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "त्यांचे दोन्ही रंग हायेतच ह्यात. आणि मिळून आपला झालाय. ह्याला मी दहा वेळा कपाळ लावीन." त्यांनी ती ओली वाकळ खरोखरच कपाळाला लावली. अक्का उठून आली, बघितलं आणि म्हणाली, "अप्पा, हे नेऊ नका. ह्यापेक्षा रिकाम्या हातानं जाऊ." पण अट त्याच वाकळीची होती, आणि आम्हाला दुसरा मार्ग दिसत नव्हता. आईनं फाटलेली जागा शिवली. तिच्या जाड टाक्यांची रेघ वाकळीवर उठून दिसत होती.

अप्पा, अक्का, बाळ आणि मी. चंदगडच्या गाडीत उकडत होतं, खिडकीतून काजूच्या सडलेल्या बोंडांचा वास येत होता. अप्पा वाटभर मला समजावत होते, जणू समोर कट्टा भरलाय. ओढा ओलांडताना त्यांनी वहाणा काढून हातात घेतल्या. पाणी नव्हतंच.

व्याह्यांनी ओसरीवर घोंगडं टाकलं. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. अप्पांनी वाकळ उलगडली, कपाळाला लावली, खाली वाकून म्हणाले, "विहीणबाई, चुकलो. पदरात घ्या."

सासूबाई वाकळीकडं बघत होत्या. "ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

मी घाईघाईनं सोडा, पातेलं, सगळं सांगितलं. "दोन्ही रंग त्यातच आहेत, मावशी. फक्त मिसळलेत."

"बाई," त्या म्हणाल्या, "हळद आणि कुंकू एका वाटीत कालवत्यात व्हय कुणी?"

अप्पांना राहवलं नाही. मास्तरच ते. "विहीणबाई, विचार करा. कुंकू तरी कशाचं होतंय? हळदीचंच होतंय की."

"होतंय," त्या म्हणाल्या. "कुंकवाची परत हळद होत न्हाय, मास्तर." मग त्यांचा आवाज फुटला. "माझ्या सुनंची हळद गेली, देवीचं कुंकू गेलं. भगवं गोसाव्याच्या अंगावर शोभतंय. तान्ह्या लेकराखाली कोण घालतंय ते? आधी फाडलासा, आता धुऊन काढलासा. सांगा की, आमचं ह्यात काय ठेवलंसा?"

व्याही खाली बघत होते. दाजी खांबाला टेकून उभे, ते तर कुणाकडंच बघत नव्हते. सासूबाई पायरी उतरून आल्या, माझ्या हातातून बाळ घेतलं आणि करंडा मागवून अक्काच्या कपाळाला आधी हळद, मग कुंकू लावलं. "सून माझी हाय. ती ह्या घरात ऱ्हाईल, सुखात ऱ्हाईल. पण आज उंबरा चढली की तुमचा उंबरा परत चढायची न्हाय. काय ते तिनंच ठरवावं."

अक्कानं अप्पांकडं बघितलं. मग त्यांच्या हातातल्या वाकळीकडं. मी "अक्का, थांब, बोलू आपण" असं काहीतरी ओरडत होते. ती उंबरा चढली. आत जाताना तिनं पदर पुढं ओढला, त्यामुळं तिचा चेहरा मला दिसला नाही.

परतीच्या गाडीत अप्पांनी वाकळ मांडीवर घडी करून ठेवली होती. कळंब्याच्या तळ्यापाशी गाडी पंक्चर झाली, सगळे उतरले, ते बसूनच राहिले. भाचीचं नाव आम्हाला दोन वर्षांनी कळलं, तेही बाजारात भेटलेल्या त्यांच्या गावच्या माणसाकडून.

अप्पांनी कट्टा सोडला तो कायमचा. माणसं येत, म्हणत, मास्तर, अमुक निशाणावरून जुंपलीय, चला. ते हात हलवून नको म्हणत. दशक सरता सरता साखरेच्या दुखण्यानं त्यांचे डोळे गेले, मग पाय गेले. शेवटच्या हिवाळ्यात अक्काला निरोप धाडला. निरोप्या परत येऊन म्हणाला, बाई ओढ्यापर्यंत आल्या होत्या, लई वेळ उभ्या होत्या, आणि माघारी फिरल्या. हे मी अप्पांना सांगितलं नाही. सांगायचं धाडस झालं नाही.

एका सकाळी त्यांना थंडी वाजत होती. हाताशी येईल ते पांघरूण म्हणून मी ट्रंकेतून ती वाकळ काढून त्यांच्या छातीवर टाकली. त्यांची बोटं फिरत फिरत आईच्या जाड टाक्यांवर आली आणि थांबली.

"तीच काय गं?"

"व्हय अप्पा."

"रंग कुठला दिसतोय?"

मी खोटं बोलले. "वर पिवळा, खाली तांबडा."

बराच वेळ ते टाके चाचपत राहिले. मग म्हणाले, "मग कठड्यावर घाल की. ऊन लागू दे तिला. हळद वर, कुंकू खाली."

मी गॅलरीत जाऊन ती वाकळ कठड्यावर पसरली. खालून सायकलवरून जाणाऱ्या एका माणसानं वर बघितलं, भगवं दिसलं तशी सायकल थांबवली, हात जोडले आणि पुढं गेला.

"घातलीस?" अप्पांनी आतून विचारलं.

"घातली."

"दिसंल न्हवं अक्काला, आली तर?"

मी म्हणाले, "दिसंल की अप्पा."